लिफ्ट केलेल्या पिकअपचे शॉकअप: आधी टेप, मग कॅटलॉग

पिकअप दोन इंच उचलली, एक माप मोठे टायर घातले, आणि पुढच्याच खडकाळ वाटेवर मागून 'ठक्' असा आवाज यायला लागला. चाक खड्ड्यात उतरलं की ठक्. मी बुश बदलले, पाट्यांचे यू-बोल्ट आवळले, मागचं सगळं सामान काढून गाडी चालवून पाहिली. दोन महिने असेच गेले. शेवटी गाडी उचलून चाकं लोंबकळत ठेवली तेव्हा कळलं: मूळचे शॉकअप तसेच ठेवले होते आणि ते पूर्ण ताणले जाऊन आतल्या आत थडकत होते.

मग मी हुशारी केली. डब्यावर '२ ते ४ इंच लिफ्टसाठी' असं छापलेली जोडी आणली. खड्ड्यातला आवाज गेला. तीन आठवड्यांनी एका उंचवट्यावर गाडीची मागची बाजू जोरात बसली आणि शॉकअपचा खालचा ब्रॅकेट ऍक्सलवरून निम्मा उखडला. पहिले शॉकअप आखूड होते, दुसरे लांब. पहिल्या वेळी मी मूळचेच ठेवले, दुसऱ्या वेळी डब्यावरचा लिफ्टचा आकडा बघून घेतले. गाडीखाली टेप एकदाही लावला नव्हता.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. ब्रँड आणि रंगाचा विषय बराच खाली येईल.

## १. शॉकअपकडून काय मागायचं नाही

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही. ते पाटे, कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार पेलतात, आणि गाडीची उंचीही त्यांच्यावरच ठरते. मागे सामान भरल्यावर गाडी बसत असेल तर दोष स्प्रिंगचा आहे. कडक शॉकअप घालून ती वर येणार नाही. (गॅस भरलेला शॉकअप आतल्या दाबाने थोडा वर ढकलतो, पण पातळ दांड्याच्या छेदावर तो दाब येतो जेमतेम वीसेक किलोचा. त्याच्या भरवशावर राहू नका.)

शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी जिरवणं. आतला पिस्टन तेलातून वर-खाली होतो, तेलाला बारीक भोकांतून आणि पातळ चकत्यांच्या फटींतून जावं लागतं, आणि चाकाची हालचाल उष्णतेत बदलते. लांब, पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, चटका बसेल. ती उष्णता म्हणजेच त्याने केलेलं काम.

## २. गाडी नेमकी कशी उचलली आहे ते पाहा

'दोन इंच लिफ्ट' म्हणजे तीन-चार वेगळ्या गोष्टी असू शकतात.

बॉडी लिफ्टमध्ये चेसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घातलेले असतात. सस्पेन्शनला कोणी हात लावलेला नसतो. लांब शॉकअपची गरज नाही, मूळ मापाचेच घ्या.

लांब कॉइल, जास्त कमानीचे पाटे, लांब शॅकल किंवा पाटा आणि ऍक्सल यांच्यामध्ये ठोकळा: यात ऍक्सल चेसीपासून दूर जातो, म्हणून शॉकअप आधीच थोडा ताणलेल्या अवस्थेत राहतो. या लेखातलं बरंचसं अशा गाड्यांसाठी आहे.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल आणि स्ट्रटच्या (शॉकअप आणि कॉइल एकत्र असलेल्या भागाच्या) डोक्यावर स्पेसर घातला असेल, तर इथे बरेच जण फसतात. स्ट्रट चाकापाशी नसतो, आर्मच्या मधे कुठेतरी बसतो. त्यामुळे एक इंच जाडीच्या स्पेसरने चाकापाशी एक इंचाहून जास्त उंची मिळते. कित्येक गाड्यांत दीड इंचाच्या वरच. शिवाय स्ट्रट तोच पण खाली सरकलेला, त्यामुळे चाक पूर्वीपेक्षा खाली लोंबतं आणि बॉल जॉइंट व सीव्ही जॉइंट त्यांच्या मर्यादेबाहेर वाकतात. वर दाबताना रबरी बम्प स्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारा ठोकळा) लागायच्या आत स्ट्रट संपतो ते वेगळंच. अशा गाडीला स्पेसर काढून लिफ्टसाठीच बनवलेला पूर्ण स्ट्रट घालणं मला जास्त पटतं. त्याची लांबी बनवणाऱ्याने त्या मॉडेलच्या आर्मनुसार ठरवलेली असते, त्यामुळे तुमचं मोजमापही वाचतं.

## ३. मोजमाप: याला अर्धा दिवस द्या

लागणारं सामान:

- टेप, खडू, वही
- दोन जॅक, त्यातला एक ट्रॉली जॅक
- चेसीखाली लावायला दोन भक्कम स्टँड
- चाकांना लावायला दगड किंवा ठोकळे
- गंजलेल्या बोल्टसाठी पेनिट्रेटिंग ऑइल (आदल्या रात्रीच मारून ठेवा)
- एक माणूस, जो टेपचं दुसरं टोक धरेल आणि तुम्ही गाडीखाली असताना जॅकला हात लावणार नाही

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नका. स्टँड लावूनच.

तीन लांब्या हव्यात. तिन्ही वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत.

उभी लांबी. सपाट जमिनीवर, नेहमीचं सामान भरून. विंच, लोखंडी बम्पर, मागचे ड्रॉवर, पाण्याची टाकी, जे कायम असतं ते सगळं गाडीवर असू द्या. रिकामी गाडी मोजली तर सगळे आकडे खोटे येतील.

दबलेली लांबी. ऍक्सल वर जाऊन बम्प स्टॉपला टेकला आणि तो रबर दबला, तेव्हा शॉकअपला किती जागा उरते? कॉइल असतील तर त्या काढून ऍक्सल जॅकने वर नेता येतो. पाटे असतील तर हिशेब करा: गाडी उभी असताना बम्प स्टॉप आणि ऍक्सल यांच्यातलं अंतर मोजा, त्यात रबर किती दबेल ते मिळवा आणि बेरीज उभ्या लांबीतून वजा करा. साधा रबर निम्म्यापर्यंत दबतो असं धरा. फोमचा बम्प स्टॉप त्याहून बराच जास्त दबतो.

लोंबती लांबी. चेसी स्टँडवर घ्या, शॉकअप खालून सोडा आणि ऍक्सल ट्रॉली जॅकवर हळूहळू खाली आणा. आता शॉकअपकडे बघू नका. ब्रेकचा होज, एबीएसची वायर, ऍक्सलची ब्रीदर नळी, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट आणि कॉइल यांच्याकडे बघा. यातलं जे पहिलं ताणलं किंवा सैल झालं, तिथे थांबा. माझ्या गाडीत ब्रेकचा होज सगळ्यात आधी आला. शॉकअप जोडलेला असताना ते कधी दिसलंच नसतं, कारण तोपर्यंत शॉकअपच अडत होता. नंतर एक बाजू वर आणि दुसरी खाली अशीही ऍक्सल तिरपी करून पाहा. खडकात गाडी अशीच वाकते आणि होज नेमका तेव्हाच जास्त ताणला जातो.

चारही कोपरे मोजा. डावी-उजवी बाजू सारखी असेल असं गृहीत धरू नका. इंधनाची टाकी एका बाजूला असते आणि जुने पाटे एकसारखे बसत नाहीत.

## ४. आता कॅटलॉग उघडा

कॅटलॉगमध्ये लिफ्टच्या रकान्याकडे दुर्लक्ष करा. पूर्ण दबलेली लांबी आणि पूर्ण ताणलेली लांबी हे दोन आकडे शोधा. त्यांच्यातला फरक म्हणजे स्ट्रोक. हे दोन आकडे जो विक्रेता देऊ शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

नियम दोनच. शॉकअपची दबलेली लांबी तुम्ही मोजलेल्या दबलेल्या लांबीपेक्षा किमान अर्धा इंच कमी हवी. शॉकअप बम्प स्टॉपच्या बाहेरच्या बाजूला बसवलेला असेल तर आणखी थोडी कमी, कारण ऍक्सल तिरपा झाला की बाहेरचं टोक आणखी वर जातं. आणि शॉकअपची ताणलेली लांबी होज ताणला जातो किंवा कॉइल सुटते त्या लांबीपेक्षा कमी हवी.

माझ्या मागच्या चाकांचे आकडे असे होते. उभी लांबी २१ इंच. बम्प स्टॉपपर्यंत अंतर साडेचार इंच, रबर दबणार एक इंच, म्हणजे दबलेली लांबी साडेपंधरा. होज २६ इंचांवर ताणला गेला.

मूळचा शॉकअप: दबून १४.५, ताणून २२.५. उभी लांबी २१ असताना खाली जायला फक्त दीड इंच शिल्लक. ठक्.

'२ ते ४ इंच'वाला: दबून १६.२, ताणून २७. गाडी बसली की बम्प स्टॉप पूर्ण दबायच्या आधी पाऊण इंच शॉकअपच आत थडकणार. शिवाय चाक खाली जाताना ब्रेकचा होज ताणून ठेवणार, ही माझी दुसरी फजिती. ब्रॅकेट उखडला म्हणून ती कळली; होज तुटून कळली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

शेवटी घेतला तो: दबून १५, ताणून २५, स्ट्रोक १०. उभ्या अवस्थेत वर जायला ६ इंच, खाली जायला ४. साधारण निम्मा-निम्मा ते साठ-चाळीस अशी विभागणी बहुतेक गाड्यांना चालते.

मनासारखा शॉकअप मिळत नसेल तर दोन उपाय आहेत. दबताना लांब पडत असेल तर चेसी आणि बम्प स्टॉप यांच्यामध्ये ठोकळा घालून बम्प स्टॉप खाली आणा. मोठे टायर मडगार्डला घासत असतील तर हे तसंही करावंच लागतं. ताणताना लांब पडत असेल तर चेसी आणि ऍक्सल यांच्यामध्ये लिमिट स्ट्रॅप लावा, आणि ब्रेकचा होज लांब घ्या. होज वाचवायला त्याचा ब्रॅकेट वाकवू नका.

## ५. टोकं आणि तिरपेपणा

वर बोल्टचं भोक आहे की उभा आटे असलेला दांडा? खाली आडवी पट्टी आहे का? बोल्टची जाडी, बुशची रुंदी? हे फोटो काढून ठेवा. टोकं जुळत नसताना रीड्यूसर बुश आणि वॉशर लावून जमवलेलं काम खडखडायला वेळ लागत नाही.

तिरपेपणाची गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. शॉकअप उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला असेल तर ऍक्सल एक इंच हलताना तो ०.८७ इंच हलतो, आणि चाकापाशी त्याचा जोर तीन चतुर्थांश उरतो. ४५ अंशांवर जोर निम्माच. दोन तिरपे शॉकअप बदलून त्याहून महाग घेण्याआधी वरचं माउंट सरकवता येतं का ते बघा. मात्र वेल्डिंग करणारा चेसीचं काम जाणणारा असावा.

## ६. कोणत्या जातीचा घ्यायचा

ट्विन-ट्यूब. नळीत नळी. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि कमी दाबाचा गॅस. बाहेरून दगड लागून पोचा पडला तरी पिस्टन अडकत नाही. तितक्याच लांबीत स्ट्रोक जास्त मिळतो. सतत जोरात हापटला की तेलात फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो, थंड झाल्यावर पुन्हा ठीक. उलटा बसवता येत नाही.

फोम सेल. ट्विन-ट्यूबच, पण गॅसच्या जागी बंद पेशींचा फोम. हवा तेलात मिसळायचा प्रश्न मिटतो. नळी जाड, तेल जास्त. सामान लादून लांब प्रवास करणाऱ्या जड गाड्यांना मला हा प्रकार आवडतो.

मोनोट्यूब. एकच नळी, आणि तेल व दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन. फेस होत नाही, उष्णता थेट बाहेर जाते, हाताला लगेच फरक कळतो. फ्रेंच अभियंता द कार्बों यांच्या या कल्पनेवरचे शॉकअप बिलस्टीन या जर्मन कंपनीने १९५७मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांसाठी बनवायला सुरुवात केली, म्हणजे हे काही कालपरवाचं खूळ नाही. त्याचा कमकुवतपणा असा की पिस्टन बाहेरच्या नळीवरच घासत फिरतो. खडकावर आपटून नळीला पोचा पडला की शॉकअप गेला. खाली लोंबणारं खालचं माउंट असेल तर संरक्षक पट्टी लावा.

रिझर्व्हॉयरवाला. गॅस आणि तरंगता पिस्टन वेगळ्या डब्यात. त्यामुळे मुख्य नळीत स्ट्रोकला जागा मिळते, तेल वाढतं, तापमान आटोक्यात राहतं. तुम्ही तासन्‌तास वेगाने वाळूतून किंवा पन्हाळी रस्त्यावर चालवत असाल तर याचा उपयोग आहे. आठवड्यातून पाच दिवस डांबरावर आणि महिन्यातून एकदा चिखलात जात असाल तर तो दिखाऊपणा आहे, असं माझं स्पष्ट मत. डब्याला जोडणारा होज एक्झॉस्टपासून दूर आणि टायरला न लागणाऱ्या जागी न्यावा लागतो, ती वेगळी डोकेदुखी.

नळीच्या जाडीबद्दल एवढंच: २ इंचांऐवजी अडीच इंचांची नळी म्हणजे आतलं क्षेत्रफळ सुमारे दीडपट. तेल जास्त, तापणं सावकाश. पण ती कॉइल, पाटा किंवा टायरला घासत नाही ना, ते मोजूनच मागवा.

## ७. व्हॉल्व्हिंग: कडक म्हणजे चांगला नव्हे

शॉकअपचे दोन जोर असतात: दबतानाचा कॉम्प्रेशन आणि ताणतानाचा रिबाउंड. रिबाउंड बहुधा कितीतरी जास्त असतो, कारण दबलेल्या स्प्रिंगची ताकद त्यालाच आवरायची असते. बिलस्टीनच्या व्हॉल्व्हिंगचा (तेल अडवणाऱ्या भोकं-चकत्यांच्या मांडणीचा) आकडा २५५/७० असा लिहितात. पहिला रिबाउंड, दुसरा कॉम्प्रेशन, डेकान्यूटनमध्ये, पिस्टनचा वेग सेकंदाला ०.५२ मीटर असताना. म्हणजे ताणताना २,५५० न्यूटन आणि दाबताना ७००.

लिफ्टचे नवे पाटे मूळपेक्षा कडक असतील तर रिबाउंडही वाढवावा लागतो, नाहीतर उंचवटा ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा उसळत राहते. रिबाउंड गरजेपेक्षा जास्त झाला तर उलटा ताप: पन्हाळी रस्त्यावर चाक खाली यायच्या आत पुढचा उंचवटा येतो, गाडी हळूहळू बसत जाते आणि शेवटी लाकडी गाड्यासारखी आदळू लागते. ड्रायव्हरला वाटतं शॉकअप मऊ आहे, आणि तो आणखी कडक घेतो. हे मी दोघांना करताना पाहिलं आहे.

विक्रेत्याला म्हणून चार गोष्टी सांगा: पुढच्या आणि मागच्या ऍक्सलवरचं प्रत्यक्ष वजन (वजनकाट्यावर एकेक ऍक्सल चढवून घेता येतं), स्प्रिंगचा प्रकार, टायरचं माप, आणि गाडी खरोखर कुठे चालते. शेवटचं खरं सांगा. वर्षातून एकदाची मोहीम धरून घेतलेले शॉकअप उरलेले अकरा महिने पाठ मोडतात.

फिरवायच्या बटणाचे शॉकअप ज्यांचं वजन सारखं बदलतं त्यांना उपयोगी. बाकीचे लोक पहिल्या आठवड्यात बटण फिरवतात, मग चिखल ते जाम करतो.

## ८. कागदपत्रं

लिफ्टची नोंद गाडीच्या कागदांवर लागते का आणि विमा ती मान्य करतो का, हे सामान मागवण्याआधी विचारा. शॉकअपच्या वॉरंटीत ऑफ-रोड वापर वगळलेला असतो का तेही वाचा. बिलावर पार्ट नंबर पूर्ण लिहून घ्या. पुढे एकच शॉकअप बदलायची वेळ आली तर तोच लागेल. दुरुस्त होणारे शॉकअप घेत असाल तर सील बदलून नायट्रोजन भरून देणारं कोणी पोचण्याजोगं आहे का, हेही आधीच बघा.

## ९. बसवताना

नवे शॉकअप दाबून पट्टीने बांधलेले येतात. एक टोक बसवल्यावरच पट्टी कापा, आणि तोंड बाजूला ठेवा.

भोकाच्या टोकाचे बोल्ट गाडी हवेत असताना हातानेच लावा. शेवटची आवळणी चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन स्प्रिंगवर आल्यावर, टॉर्क रेंचने. हवेत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. उभ्या दांड्याच्या टोकाला रबर वॉशरच्या काठाइतकं फुगेपर्यंतच आवळा; चपटं केलं की संपलं.

स्ट्रटवरची कॉइल घरच्या घरी सोडू नका. दाबलेल्या कॉइलमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते आणि ती कशाला म्हणतात ते समजून घ्यायची ही जागा नाही.

पुढची बाजू बदलली असेल तर अलाइनमेंट लगेच. सगळे बोल्ट पहिल्या खडबडीत फेरीनंतर पुन्हा तपासा.

## १०. पहिली फेरी

निघण्याआधी दोन छोट्या गोष्टी करा. उघड्या दांड्यावर एक प्लास्टिकचा केबल टाय ना सैल ना घट्ट असा बांधा आणि सरकवून सीलला टेकवा. आणि बम्प स्टॉपच्या रबराला जाडसर खडू फासा.

नेहमीच्या वाटेवर नेहमीच्या वेगाने तासभर जाऊन या. थांबल्या थांबल्या चारही शॉकअपजवळ हात न्या. आधी जवळ, मग टेकवा, पोळू शकतं. तीन गरम आणि एक गार असेल तर गार असलेला काम करत नाहीये, मग तो कितीही नवा असो. पुढचे आणि मागचे कमी-जास्त गरम असणं ठीक, डावा-उजवा सारखे हवेत.

मग खाली वाकून टाय बघा. नळीने त्याला जिथवर ढकललं तिथवर शॉकअप दबला. टाय दांड्याच्या टोकापासून अर्धा-पाऊण इंच अलीकडे थांबलाय आणि खडूचा पांढरा शिक्का ऍक्सलवर उमटलाय, तर बम्प स्टॉप त्याचं काम करतोय, मापं बरोबर. टाय टोकाला चेपून चपटा झालाय आणि ऍक्सलवर खडूचा डाग नाही, तर शॉकअपच बम्प स्टॉप झालाय. माझ्या दुसऱ्या जोडीला ही परीक्षा दिली असती तर ब्रॅकेट वाचला असता. टाय जेमतेम तीन इंच सरकलाय आणि रस्ता तर चांगला वाईट होता, तर शॉकअप किंवा स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहेत. अशा वेळी गाडीत सामान भरून तीच फेरी पुन्हा मारा आणि मगच विक्रेत्याला फोन करा.